तिखट एकच, आंबट निराळं

1510 साली गोवा पोर्तुगीजांच्या हाती पडलं आणि पुढच्याच वर्षी त्यांनी मलाक्का घेतलं. अमेरिकेत जन्मलेली मिरची सोळाव्या शतकात याच दर्यावर्दींच्या मागोमाग आपल्या किनाऱ्यावर आणि इंडोनेशियाच्या बेटांवर पसरली. म्हणजे आमच्या वेंगुर्ल्याची मिरची आणि जावाची मिरची तशा एकाच वयाच्या. तिच्याआधी जावात तिखटाला मिरी होती, आलं होतं आणि तिथली लांब मिरी होती. ही लांब मिरी म्हणजे आपल्या पिंपळीची जवळची नातेवाईक; आयुर्वेदात तिला चवक म्हणतात. आज ती जावाच्या स्वयंपाकघरातून जवळपास उठून गेली आहे. योग्यकर्त्याच्या गल्ल्यांमधून सकाळी पाठीला टोपली बांधून ‘जामू’ विकत फिरणाऱ्या बायकांच्या बाटल्यांत ती भेटते, अंगदुखीवरचा काढा म्हणून. आपल्या पिंपळीचंही तेच झालं. रश्शातून उठली आणि काढ्याच्या पुडीत जाऊन बसली.

परक्या मिरचीने इतकी मजल मारली, म्हणून इंडोनेशियाच्या सांबलचा, म्हणजे तिथल्या मिरचीच्या चटणीचा, विषय निघाला की सगळं कौतुक तिच्याच वाट्याला जातं. कुठलं सांबल किती तिखट, कोण किती खाऊ शकतो, कुणाच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला या गोष्टींचा लवकरच कंटाळा आला. मिरची सगळ्या बेटांवर थोड्याफार फरकाने तीच असते: मोठी लाल, सुरकुतलेली लांब, आणि आपल्या लवंगीची आठवण करून देणारी बारीक जहाल ‘रावित’. आपण कुठल्या बेटावर आहोत ते मिरची सांगत नाही. ते सांगतं तिच्याबरोबर घातलेलं आंबट, आणि त्याहून आधी सांगतो वास.

योग्यकर्त्यात मी ज्या घरात खोली घेऊन राहत होते तिथल्या मालकीणबाईंना आम्ही भाडेकरू मुली ‘बू’ म्हणत असू. दुपारचा भात झाला की बू मागच्या पडवीत बुटक्या स्टुलावर बसायच्या आणि पुढ्यात ‘चोबेक’ ओढून घ्यायच्या. चोबेक म्हणजे दगडाची उथळ, काठ असलेली थाळी, आणि तिच्याबरोबरचा वरवंटा ‘उलेकान’ मानेत वाकलेला, मूठ आडवी धरायची. आधी जाडं मीठ, मग मिरच्या, लसूण, छोटे कांदे. मीठ आधी, कारण मिरचीची साल निसटते आणि मिठाच्या खड्यांवर ती धरून राहते. डावा हात चोबेकच्या काठावर दाबलेला, उजवं मनगट पुढे-मागे आणि जरा फिरतं. ठेचणं जवळजवळ नाहीच, रगडणं आहे. मग भाजलेली तरासी, अर्धा टोमॅटो, गुळाचा खडा, शेवटी छोट्या सुवासिक लिंबाचा रस. बिया निम्म्या चिरडलेल्या, निम्म्या शाबूत. सालीचे तुकडे दिसले पाहिजेत. त्याचा गंध केला तर बू ते मुलांचं औषध म्हणायच्या. मिक्सर त्यांच्याकडे होता, पण त्यात खोबरं आणि आंब्याचा रस. मिक्सरच्या पात्याने मिरची चिरली जाते, तिचं पाणी एकीकडे आणि चोथा एकीकडे होतो. दगडाखाली ती फुटते आणि तिचा रस मिठा-गुळाला तिथल्या तिथे धरतो. खाल्ल्यावर हा फरक कुणालाही कळतो, त्यासाठी जाणकार असावं लागत नाही.

दगड येतो मेरापी ज्वालामुखीच्या पायथ्याहून. मुन्तिलान हे तिथलं दगडकामाचं गाव, बोरोबुदुरला जाताना वाटेत लागतं. रस्त्याच्या कडेला बुद्धाच्या मूर्ती, सिंह, कमळं आणि त्यांच्यामध्ये चोबेकच्या उतरंडी. ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड खरखरीत असतो, म्हणून मिरचीला चावतो. आपला पाटाही सह्याद्रीच्या काळ्या कातळाचा, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचाच. पण आपल्या पाट्याची धार बोथट झाली की टाकी लावायला माणूस दारोदार यायचा. चोबेकला अशी पुन्हा कुणी टाकी लावत नाही, तो झिजून गुळगुळीत झाला की नवा आणतात. नवा आणताना बू आधी बोटाने खरडून आणि मग पाणी टाकून बघायच्या, कारण सिमेंटमध्ये दगडाची भुकटी मिसळून केलेले चोबेकही बाजारात असतात आणि त्यांची कच जेवणात उतरते. चांगला दगड मिळाला तरी आधी ओले तांदूळ वाटून, फेकून, पुन्हा वाटून, असं चार-पाच वेळा केल्याशिवाय त्याला मिरची दाखवायची नाही.

आता तरासी. हिच्यावर थोडं थांबायला हवं. जवळा आपल्याकडे सगळ्या किनाऱ्याला ठाऊक आहे: ती केसासारखी बारीक कोळंबी, वाळवून ठेवलेली, पावसाळ्याची बेगमी. जावाच्या उत्तर किनाऱ्यावर, विशेषतः चिरेबोनकडे, असाच बारीक ‘रबोन’ सापडतो. आपण तो उन्हात वाळवून थांबतो. ते लोक मीठ लावून, अर्धवट वाळवून, कांडून, गोळे करून आंबवत ठेवतात. आठवडे जातात, आणि तपकिरी-जांभळट वडी तयार होते, जिच्या वासाने नवखा माणूस खोलीतून उठून जाईल. भाजली की तोच वास उलटतो. बू तरासीचा तुकडा काट्याला टोचून गॅसच्या ज्योतीवर धरायच्या. कडा राखाडी होऊन कोरड्या पडल्या की सुकट भाजल्यासारखा खमंगपणा, त्याच्याखाली काहीतरी मांसल, खोल. सुक्या मासळीच्या घरात वाढल्यामुळे मला त्याचं वावडं नव्हतं. पुण्याहून आलेली माझी एक मैत्रीण मात्र आठवडाभर त्या पडवीकडे फिरकली नाही, आणि पुढे तीच परत जाताना दोन वड्या तीन पिशव्यांत गुंडाळून घेऊन गेली. जावाच्या सांबल तरासीत मिरची काढून टाकली तरी काहीतरी उरेल. तरासी काढली तर मिरचीचा ठेचा उरेल.

आणि गूळ. मध्य जावाला गोडाची ओढ आहे. फणसाची ‘गुदग’ नावाची भाजी तिथे इतकी गोड असते की पहिल्या घासाला मला ती पक्वान्नच वाटली. सांबलातही माडाच्या नीरेचा गूळ हमखास. गोव्यात आणि तळकोकणात माडाचा गूळ ज्यांनी खाल्ला आहे त्यांना ती चव लगेच कळेल, धुराची आणि किंचित खारट. माझा कोल्हापूरकडचा मामा म्हणाला असता, ठेच्यात गूळ घालणाऱ्यांनी आधी जेवणाचं पान वेगळं मांडावं. पण या गोडाचं काम वेगळं आहे. तो तरासीचा उग्रपणा आणि लिंबाचा आंबटपणा यांच्यात मध्यस्थी करतो, स्वतः फारसा बोलत नाही. योग्यकर्त्याहून पूर्वेकडे सुराबायाकडे जावं तसा तो कमी होतो आणि मिरची चढते.

जावाच्याच पश्चिमेला, सुंदा लोकांच्या मुलखात, गूळही मागे पडतो आणि पुढे येतो कच्चा पाला. कोवळी गोल वांगी, काकडी, कोबी, तुळशीसारख्या वासाची पानं, सगळं न शिजवता ताटात, आणि मध्ये ऐनवेळी केलेलं ‘सांबल दादाक’. कच्चं वांगं चावून खायची कल्पना मला आधी विचित्र वाटली होती. आता विचित्र वाटतं ते इतकंच, की आपण प्रत्येक वांग्याला तेलात का घालतो. पूर्वेला कदिरीत तर उलटंच. तिथे टेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा ठोकळा, मुद्दाम जास्त दिवस ठेवतात, इतका की दुसऱ्या गावात तो फेकून देतील. मग तो ओल्या नारळाच्या दुधात केंचुर नावाच्या कंदाबरोबर शिजवून ‘सांबल तुंपांग’ करतात आणि सकाळच्या न्याहारीला भातावर घेतात. म्हणजे वासाची जबाबदारी तिथे मासळीऐवजी सोयाबीनने उचललेली.

जावाच्या बाहेर पडलं की मला सारखं घर भेटायचं. सुमात्राच्या उत्तर टोकाला आचेहमध्ये ‘आसाम सुंती’ नावाचं आंबट वापरतात. बाजारात ते राखाडी-तपकिरी, सुरकुतलेलं, चिकट दिसतं. हातात घेतल्यावर कळलं की ही बिलिंबी. आमच्याकडे परसात बिलिंबीचं झाड असायचं, बुंध्यालाच लगडलेली फळं, इतकी की शेजाऱ्यांना बोलावून द्यावी लागायची आणि तरी खाली सडा. आम्ही तिचं लोणचं घातलं, कधी माशात टाकली, आणि बाकीची कुजू दिली. आचेहचे लोक तिला मीठ लावतात, उन्हात घालतात, पुन्हा मीठ, पुन्हा ऊन, आणि वर्षभर पुरवतात. उकडलेली कोळंबी, मिरची, छोटे कांदे, गवती चहाचा दांडा, लिंबाची पानं आणि ही वाळवलेली बिलिंबी एकत्र रगडली की त्यांचं सांबल. आंबटासाठी आपण रातांबा वाळवून कोकम करायला शिकलो. बिलिंबीचं तसं का केलं नाही याचं उत्तर बहुधा इतकंच की कोकम हाताशी होतं.

तोबा सरोवराच्या काठी, बाताक लोकांच्या प्रदेशात, तर माझी जीभच ओळख द्यायला पुढे आली. बालिगेच्या बाजारात एक बाई हिरव्या, दाणेदार फळांचे घोस ढिगाने मांडून बसली होती. सगळे तिला ‘इनांग’, म्हणजे आई, म्हणत होते, म्हणून मीही म्हटलं. तिने एक दाणा खुडून माझ्या तळहातावर ठेवला. चावल्याबरोबर लिंबाच्या सालीचा झणका आला, आणि मोजून पाच-सहा श्वासांनी जिभेचा शेंडा थरथरायला लागला, मग बधिर. तिरफळ! बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ चुकून दाताखाली आलं की हेच होतं. हे ‘आंदालिमान’. वनस्पतिशास्त्राच्या वहीत दोन्हींचं वंशनाम एकच, झँथोझायलम. चिनी सेचवान मिरीही त्यातलीच. फरक असा की आपण तिरफळ वाळवतो, बी काढून टाकतो आणि नुसतं टरफल किंचित चेचून रश्शात सोडतो; खायचं नसतं, वास द्यायचा असतो. बाताक लोक आंदालिमान ओलं, हिरवं, मिरचीबरोबर थेट वाटतात. त्यामुळे तिखट जिभेला लागतं तेव्हा जीभ आधीच अर्धी बधिर झालेली असते आणि मिरची लांबून ओरडल्यासारखी ऐकू येते. हे फळ फार टिकत नाही, म्हणून हे सांबल त्या डोंगराळ भागाबाहेर पूर्वी फारसं गेलंच नाही. इनांगला मी सांगितलं की आमच्याकडेही याचा भाऊ आहे आणि आम्ही तो माशात घालतो. ती म्हणाली, मग काय, माशातच घालायचा असतो.

सुमात्राच्या दक्षिणेला, पालेम्बांग-जांबीकडे, आंबट देतो आंबवलेला दुरियान. दुरियानचा मोसम आला की फळ खाऊन सरत नाही. उरलेला गर मिठात मुरवून ‘तम्पोयाक’ होतो आणि त्याचं सांबल नदीतल्या माशाबरोबर. मी ते दोनदा खाल्लं. तिसऱ्यांदा मागितलं नाही, एवढंच म्हणते.

पश्चिम सुमात्राच्या मिनांगकाबाऊ लोकांनी मात्र वेगळीच गोष्ट साधली. त्यांचं हिरवं सांबल सौम्य असतं: मोठ्या हिरव्या मिरच्या आणि छोटे कांदे वाफवायचे, ओबडधोबड चेचायचे, तेलात परतून लिंबू. दगडही चोबेक नव्हे, सपाट पाटाच, आपल्यासारखा. ही माणसं पोटासाठी गाव सोडून परमुलखात जाण्याबद्दल प्रसिद्ध आहेत, आणि गेली तिथे त्यांनी खानावळी काढल्या. आज इंडोनेशियाच्या कुठल्याही शहरात ‘पादांग’ खानावळ असते. बसल्याबरोबर पंधरा-वीस बशा टेबलावर मांडतात, खाल्लं त्याचेच पैसे, आणि हिरव्या सांबलाची वाटी ठरलेली. एका प्रांताची चव देशभर गेली ती अशी, ताटाबरोबर.

पूर्वेकडच्या बेटांवर दगडच सुटतो. सुलावेसीच्या टोकाला मनादोत ‘दाबू-दाबू’ करायला लागते फक्त सुरी: टोमॅटो, कांदा, रावित चिरायच्या, मीठ, वरून गरम तेल आणि तिथलं छोटं हिरवं लिंबू. निखाऱ्यावर भाजलेल्या ताज्या माशावर हे ओतलं की दुसरं काही नको. मला विचाराल तर सगळ्या सांबलांत मी याला वर ठेवीन, कारण मासा ताजा असेल तर हे त्याला झाकत नाही, आणि शिळा असेल तर वाचवतही नाही. त्याच मनादोत धुरावलेला ‘रोआ’ मासा बांबूच्या कामट्यांत ओळीने चिमटून विकतात. तो काढून, काटे वेचून, कुटून मिरचीत परतला की ‘सांबल रोआ’, आणि ते खायचं तळलेल्या कच्च्या केळ्याच्या कापांबरोबर, दुपारच्या कॉफीला. आणखी पूर्वेला, मालुकूमध्ये, ‘चोलो-चोलो’ही चिरलेलंच. हीच ती लवंग-जायफळाची बेटं. जायफळाच्या मक्तेदारीसाठी डच कंपनीने 1621 मध्ये बांदा बेटांवरची बहुतेक वस्ती मारून किंवा हाकलून रिकामी केली. आणि त्याच मालुकूतल्या आंबोनच्या घरात भाजलेल्या माशाबरोबर येतं ते मिरची, कांदा, तुळस आणि लिंबू. ज्या मसाल्यासाठी युरोप इतक्या लांब आला, त्याची या वाटीत गरजच नाही.

बालीचं ‘सांबल मताह’ आता सगळ्यांना ठाऊक झालं आहे. छोटे कांदे, गवती चहाचा पांढरा दांडा, रावित, लिंबाची पानं कागदासारखी बारीक चिरायची, भाजलेली तरासी चुरायची आणि कढत खोबरेल ओतून हाताने कालवायचं. मिरचीतलं तिखट पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. त्यामुळे न वाटताही ते सगळ्या कांद्याला लागतं. बालीत भाजलेल्या कोंबडीबरोबर ते छानच. पण हल्ली जाकार्तात तळलेल्या कोंबडीवर, पास्त्यावर, बर्गरमध्ये, जिकडेतिकडे मताह. खोबरेल जुनं, गवती चहा जाडा चिरलेला. लोकप्रियता ही चव बिघडवण्याची एक सोपी पद्धत आहे, हे मत मी अजून बदललेलं नाही.

हे सगळं सांगताना मिरचीला फार बाजूला सारलं, म्हणून तिचीही एक बाजू. पावसाळ्यात फुलं गळतात, फळावर काळे डाग पडतात, आणि भाव चढतो. जानेवारी 2017 मध्ये लाल रावित किलोला एक लाख रुपियाच्या वर गेली, गोमांसाच्या तोडीला. तिथलं सांख्यिकी कार्यालय महागाईचे आकडे जाहीर करतं तेव्हा मिरचीचं नाव वारंवार येतं. आपल्याकडे लासलगावच्या कांद्याने दिल्लीत जे होतं ते तिथे मिरचीने जाकार्तात होतं. रस्त्यावरचे भजीवाले एरवी तळलेल्या टोफूबरोबर मूठभर हिरव्या रावित फुकट देतात, वडापावबरोबर आपल्याला मिळतात तशा. अशा दिवसांत मिरच्यांची ती वाटी पाटीखाली जाते. बू त्या महिन्यांत टोमॅटो वाढवायच्या आणि तरासी तेवढीच ठेवायच्या. त्यांच्या घरी तक्रार झाली नाही.

राष्ट्रीय पातळीवर या सगळ्याची एक वही करायचा प्रयत्नही झाला. अध्यक्ष सुकार्नोंच्या आग्रहावरून बेटाबेटांवरच्या पाककृती गोळा केल्या गेल्या. ‘मुस्तिकारासा’ हा 1600 हून अधिक कृतींचा जाडजूड ग्रंथ 1967 मध्ये बाहेर आला, तोवर सुकार्नोंच्या हातून सत्ता गेलेली होती. त्यात सांबलांना स्वतंत्र विभाग आहे, तोंडीलावण्यांत कोंबलेलं नाही, हे मला आवडतं. पण देशभर एक सांबल पोचलं ते पुस्तकातून पोचलं नाही, बाटलीतून पोचलं. मिरची, साखर, मीठ, लसूण, आंबटपणाला आम्ल, दाटपणाला पीठ. तरासी नाही, बिलिंबी नाही, आंदालिमान नाही. कुणाचं म्हणून सांगता येईल असं त्यात काही नाही. मीटबॉलच्या गाडीवर सूपमध्ये ढवळायला ते ठीक आहे, आणि मी ते तिथे आवडीने खाल्लं आहे. पण त्याला इंडोनेशियाची चव म्हणून परदेशी पाहुण्यांपुढे ठेवतात तेव्हा मला राहवत नाही.

गंमत अशी की बाटलीच्या ऐन भरात योग्यकर्त्याच्या कॉलेजच्या पोरांनी दगड पुन्हा मागवला. या शतकाच्या सुरुवातीला तिथे ‘आयाम गप्रेक’ निघाली: पिठात तळलेली कोंबडी, चोबेकमध्ये ताज्या मिरच्या-लसणाबरोबर तुमच्या डोळ्यांसमोर चेचलेली. टपरीवर दहा-बारा चोबेक एका ओळीत, आणि रगडणाऱ्या मुलाचा खांदा दुपारपर्यंत घामाने भिजलेला. तिथे तिखट, मध्यम, सौम्य अशी भाषा नाही. मुलगा मान वर न करता विचारतो, “चाबेन्या बरापा, म्बाक?” मिरच्या किती, ताई? शेजारचा विद्यार्थी पंधरा म्हणतो, मी चार म्हणते, आणि तरासी घाल असंही सांगते. त्याला तो जास्तीचे हजार रुपिया लावतो.